काहिलीचं तोंड

खारवेळ, ता. देवगड
२० जानेवारी २०२५

ती. गुरुमामांस,
अवनीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि इथं फोनला अर्धीच रेंज असते. म्हणजे आपल्या दोघांत मिळून पाव बोलणं होतं. म्हणून पत्र. तुमचे कान वरातीतल्या बँडवाल्यांनी खाल्ले, त्याची भरपाई आता भाचीनं हाताला कळ लावून करायची.

मी ठीक आहे. शालूबाई नावाच्या बाईंच्या घरी उतरले आहे. त्या सकाळी मासळीची पाटी घेऊन जातात आणि संध्याकाळी मला किती बारीक झालीस म्हणून रागावतात. किनाऱ्यावर आम्हा दहाबारा जणांची शिल्पं उभी राहणार आहेत. वाळूत, उघड्यावर, मे अखेरपर्यंत. माझं शिल्प म्हणजे आपल्या परित्याच्या गुऱ्हाळातली रस उकळायची काहील. आईनं तुम्हाला सांगितलं असेलच, पण मला जे सांगायचं आहे ते तिनं सांगितलं नसणार.

सहा वर्षांपूर्वी गुऱ्हाळ बंद केलं तेव्हा दादांनी, म्हणजे तुमच्या दाजींनी, ती काहील स्वतः घासली, तेल लावलं आणि चुलाणाशेजारी उपडी घातली. दिवाळीत मी ती मागितली तर लगेच ने म्हणाले. पण ट्रकात चढवायच्या दिवशी धोंडीरामकाकांनी आणि गड्यांनी ती सुलटी केली आणि दादांचा चेहरा बदलला. आपल्यात सुलटी केलेली काहील रिकामी ठेवत न्हाईत, एवढंच म्हणाले. रस ओत, न्हाईतर पाणी तरी. पावण्यांना जेवायला बोलवायचं आणि चूल पेटवायची न्हाई, असली रीत आमच्यात न्हाई. मी हसले. हसायला नको होतं. तेव्हापासून माझी चौकशी करतात, काहिलीचं नावही काढत नाहीत. उद्घाटनाला या म्हणून तीनदा सांगितलं. तीनदा गुडघा दुखतो म्हणाले. त्यांचा गुडघा पन्हाळा चढताना कधी दुखत नाही.

मामा, ती रिकामी राहणार नाही, हेच तर शिल्प आहे. आतली बाजू घासून लखलखीत केली आहे. गेल्या महिन्यात परित्याच्या तळ्याकाठी मी ती उभी करून पाहिली, पाण्याकडं तोंड करून. सकाळी पाण्यापलीकडून सूर्य वर आला आणि काहील काठोकाठ भरली. उकळत्या रसाचा रंग. हंगामातल्या रसाच्या पहिल्या उकळीवरून शिल्पाचं नावही 'पहिलं आधण' ठेवलं आहे. दादा त्या दिवशी तळ्याकडे फिरकले नाहीत.

तर मागणी अशी. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात या आणि सूर्योदयाला तिचा फोटो काढा. प्रदर्शनाच्या पुस्तकाला त्या महिनाअखेर एक फोटो द्यायचा आहेच, पण मला तो दादांसाठी हवा आहे. ते येणार नसतील तर भरलेली काहील त्यांच्याकडे गेली पाहिजे.

येताना आईच्या हातचं काहीही आणा. माया आहे, ती पातळ होऊ देऊ नका.

आपली,
अवनी

---

शाहूपुरी, कोल्हापूर
२६ जानेवारी २०२५

चि. अवनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीचेच पाय. मूर्ती घडवणाऱ्या हाताला एक 'ळ' धड काढता येऊ नये याचं नवल वाटतं.

मला न झेपणारं काम सांगितलंस. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, पण माणसाशिवाय फोटो काढल्याचं आठवत नाही. वधूवर, बारसं, पासपोर्ट, पैलवान, पैलवानाची म्हैस, सगळं काढलं. म्हशीचा काढला तेव्हासुद्धा कासरा धरून पैलवान उभा होता. फोटोत माणूस नसेल तर बघणाऱ्यानं कुणाकडं बघायचं? त्यात सूर्योदय. सूर्य उगवतो तेव्हा माझी झोप रंगात आलेली असते, हे तुझी मामी गेल्यापासून कुणी बदललेलं नाही.

तरी येतो. कारण दाजींना मी ओळखतो. माझ्या लग्नात जेवणातली जिलेबी कमी पडली तेव्हा हा माणूस दोन महिने आमच्याकडं चहा प्यायला नाही. अपमान आमचा झाला होता, रुसले हे. त्यांचं रुसणं मोठं न्यायी असतं, ते स्वतःवरच जास्त असतं. काहील तुला दिली याचं त्यांना दुःख नाही. आपल्या हातानं उपडी घातलेली वस्तू आपल्याच डोळ्यांदेखत सुलटी होऊन रिकामी गेली, हे त्यांना लागलं. तेव्हा फोटो चांगला आला पाहिजे, हे मला मान्य आहे.

मी तयारीला लागलो आहे. समुद्रातून वर येणारा सूर्य घासलेल्या काहिलीतून समोर चमकणार म्हणजे डोळ्याला आणि लेन्सला दोन्हीला त्रास. त्यासाठीची काच घासून पुसून ठेवली. तू काहील पाण्याकडं तोंड करून घट्ट बसव. बाकी मी आणि सूर्य बघून घेतो.

गगनबावड्याच्या घाटानं येईन. तिथं थांबून भजी खाणार आहे, हे तुझ्या आईला, म्हणजे आमच्या लीलाताईला, कळवू नये.

आहे तेवढा लोभ मुरू दे.

तुझा,
गुरुमामा

---

खारवेळ
७ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. लीलाताईस,
गुरूचा सा. नमस्कार. वि. वि.

सुखरूप पोचलो. भजी खाल्ली नाहीत. खाल्ली असती तर फार कुरकुरीत असती.

पोरगी मजेत होती. 'होती' असं लिहितो, त्याचं कारण पुढं आहे.

काल पहाटे अंधारात आम्ही दोघं किनाऱ्यावर गेलो. तिची काहील लोखंडी घोडीवर उभी केली आहे आणि घोडी हलू नये म्हणून जांभ्याचे दगड रचले आहेत. ताई, वस्तू देखणी झाली आहे. माणसाच्या दीडपट उंच, कड्या तशाच ठेवलेल्या, आतून आरशासारखी. मी समुद्राच्या बाजूला कॅमेरा लावला आणि आम्ही दोघं समुद्राकडं तोंड करून बसलो. वारा गार, लाटांचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. हळूहळू उजाडलं. आकाश तांबडं व्हायला लागलं, पण समोर नाही, पाठीमागं. मला वाटलं, किनाऱ्यावर तसंच होत असेल, सगळीकडंच तांबडं होत असेल. 

एवढ्यात शालूबाई पाटी घेऊन आल्या. कुणाची वाट बघताय म्हणून विचारलं. अवनी म्हणाली, सूर्याची. बाईंनी पाटी खाली ठेवली, आम्हा दोघांच्या तोंडांकडं नीट बघून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की तो तुमच्या पाठीमागं आलाय, आणि आमच्या गावात तो रोज तिकडूनच येतो. नंतर त्यांनी ही बातमी मासळीबरोबर घरोघर पोचवली. आता पोरंटोरं मला बघून पूर्व कुठं म्हणून विचारतात.

हसू नकोस. कोकणातला समुद्र पश्चिमेला, हे तुला, मला आणि तिसरीतल्या पोराला ठाऊक आहे. पण पोरीनं तळ्याकाठी काहील उभी केली, सूर्य पाण्यापलीकडून आला, आणि तिनं आराखड्यात 'तोंड पाण्याकडे' असं लिहून टाकलं. पुढं सगळं त्या आराखड्याप्रमाणं झालं. मीही तिचंच वाक्य धरून लेन्सची काच पुसत बसलो. ही चूक देशावरच्या माणसानंच करावी. आपल्याकडं पाणी कुठल्याही दिशेला असतं.

संध्याकाळी तरी ऊन आत येईल म्हणशील, तर दक्षिणेकडचा डोंगर समुद्रात पुढं घुसलेला आहे आणि सूर्य त्याच्यामागं लवकर जातो. म्हणजे काहील सकाळी काळी, संध्याकाळी काळी. फोटोत मोठा तवा दिसतो.

मग मी लग्नातली विद्या काढली. थर्माकोलचे चार तक्ते लावून उजेड आत फेकला. फोटो झकास आला. पार्लरमधून आलेल्या नवरीसारखा. अवनीनं पाहिला आणि पुस्तकाला चालेल म्हणाली. मीही म्हटलं, पुस्तकाला चालेल.  ज्या माणसानं तीस हंगाम खरा रस उकळताना पाहिला, त्याला थर्माकोलचा उजेड दाखवायचा? मी तो फोटो पुसून टाकला. पोरीनं अडवलं नाही.

काहील फिरवायची तर यंत्र लागेल. बसवताना आलेलं यंत्र परत गेलं. प्रदर्शनवाले म्हणतात, राहू द्या अशीच, कुणाला कळतंय. पोरगी गुडघ्यांवर हनुवटी ठेवून वाळूत बसते. जेवते, पण वाद न घालता जेवते, हे लक्षण बरं नाही.

माझ्या छोट्या प्रिंटरवर त्या काळ्या फोटोची एक प्रत काढून सोबत पाठवतो. ही फक्त तुझ्यासाठी. दाजींच्या दृष्टीस पडू देऊ नकोस. पेपराखाली ठेवू नकोस, टीव्हीवर ठेवू नकोस, आणि त्यांच्या चष्म्याच्या घराजवळ तर मुळीच ठेवू नकोस.

धाकट्यावरची नजर अशीच राहू दे.

तुझा,
गुरू

---

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१३ फेब्रुवारी २०२५

चि. गुरूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोटो चष्म्याच्या घराजवळ ठेवला होता.

लहानपणीही तू असाच होतास. आईला सांगू नको म्हणून जे सांगायचास, ते आईला कळावं म्हणूनच सांगायचास. भज्यांचंही कळलं.

त्यांनी चष्मा लावला आणि फोटो हातात घेतला. मी पोहे परतत होते, म्हणजे पातेल्यात उलथनं फिरवत कान तिकडं देऊन उभी होते.  मग मला हाक मारली आणि विचारलं, समुद्र ह्यातला कुठला? मी दाखवला. म्हणजे गाव ह्या अंगाला, असं म्हणाले. म्हणजे कोल्हापूरही ह्याच अंगाला. मग फोटो पालथा करून ठेवला आणि म्हणाले की रिकामी तर हायच, वर घराकडं पाठ करून उभी केलीया. सासरला निघालेली पोरगीसुद्धा एकदा मागं वळून बघती. मी सांगितलं की चुकून झालंय, पोरगी रडकुंडीला आलीय, फिरवायला माणसं मिळत नाहीत. त्यावर पोहे पुन्हा मागून घेतले.

दुपारी परित्याला जाऊन आले. रात्री धोंडीरामभावोजींचा फोन आला की वहिनी, वेळूचे दांडे जीपच्या टपावर मावतील काय. मला काहीच माहीत नाही असं म्हटलं, आणि खरंच नव्हतं. आज पहाटे हे, धोंडीरामभावोजी आणि गुऱ्हाळावरचे जुने चौघं निघताहेत. दांडे, दोर, आणि कशाला कोण जाणे, खोबरेल तेलाचा डबा. मी म्हटलं मीही येते, पण मला घाट लागतो हे त्यांना माहीत, मलाही. गुडघ्याचं काय म्हणून विचारलं तर म्हणाले, कुठला गुडघा.

तुम्हाला फोन करायचा नाही अशी मला ताकीद आहे. पत्र लिहू नको असं म्हणाले नाहीत. म्हणून हे पत्र लिहून लाडवाच्या डब्यात, खालच्या थराला ठेवते. ते स्वतःच घेऊन येतील. तुझ्या हाती पडेल तोवर सगळं उरकलेलं असेल, पण बहिणीनं गुपचूप कळवलं नाही असं तर कुणी म्हणणार नाही.

पोरीला सांग, दादांसमोर रडू नकोस. ते घाबरतात.

तुझ्यावर राग आहे, त्याच्याखाली माया आहे. दोन्ही टिकव.

तुझी,
लीलाताई

---

खारवेळ
१७ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आईस,
अवनीचा सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मामांना आज सापडलं. खालच्या थरापर्यंत पोचायला चार दिवस लागले, कारण वरचे लाडू शालूबाईंच्या शेजाऱ्यांनाही पोचवावे लागले. दादा डबा मांडीवर घेऊन आले होते, हे आठवून मामा अजून हसताहेत.

आता पहिल्यापासून सांगते. गुरुवारी दुपारी मी काहिलीजवळ बसले होते. लांबून कुणीतरी खणखणीत आवाजात विचारत आलं की ओ पावणं, हितं परित्याची काहील कुठं ऱ्हाती. धोंडीरामकाका. मागून दादा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. मी उठले तर ते सरळ काहिलीकडे गेले, तिच्या पाठीवर हात फिरवला आणि सगळ्या कड्या हलवून बघितल्या. मग म्हणाले, वाळलीस. ते मला होतं की काहिलीला, हे कळलं नाही. मी रडले नाही. नंतर शौचालयात जाऊन रडले.

फिरवायची कुठं, हा प्रश्न निघाला. नुसती उलटी करून भागणार नव्हतं, कारण गावामागे डोंगर आहे आणि सूर्य डोंगरावर येईपर्यंत ऊन पांढरं होतं. मामांनी मधल्या दिवसांत एक शोध लावला होता. ते रोज पहाटे, स्वतःहून, उठून किनाऱ्यावर जात होते. ऊन पहिल्यांदा लांब समुद्रात पडतं, आई. डोंगराची सावली पाण्यावर असते आणि ती हळूहळू किनाऱ्याकडे मागे सरकत येते. पण खाडीच्या तोंडाशी डोंगराला खिंडार आहे. तिथून उन्हाचा एक पट्टा सगळ्यांच्या आधी वाळूवर येतो. काहिलीचं तोंड त्या खाडीकडे पाहिजे, असं मामांनी ठरवलं. दादांनी दिशा पाहिली आणि विचारलं की ह्या अंगाला कोण हाय? मामा म्हणाले, खाडी, मग घाट, मग बावडा, मग तुमचं परितं. दादा म्हणाले, मग बराबर.

शुक्रवारी ओहोटीला फिरवली. कड्यांतून दांडे घातले, दगड काढले. पण गडी थोडे आणि पाय वाळूत रुतणारे. काहील उचलली जाईना. तेव्हा शालूबाईंनी वाडीत हाक दिली आणि रापणीचं जाळं ओढणारे लोक दोर घेऊन आले. आता ओढणारे दोन प्रकारचे. आपले गुऱ्हाळवाले एका दमात उचलतात, आणि हे लाटेच्या हिशेबानं ढील देत देत ओढतात. दोन्ही बाजू एकमेकांना शिकवायला लागल्या. धोंडीरामकाका म्हणाले, ही काहील हाय, मासा न्हवं. त्यावर एका म्हाताऱ्या रापणकरानं सांगितलं की मासा तरी थोडा हलतो. शेवटी दादांनी हात वर केला आणि दोन्हीकडचे त्यांच्या हाताकडे बघून ओढायला लागले. काहील फिरली. दादांनी आतून तेलाचा हात मारला. माझी चार दिवसांची घासाई त्यांना पुरेशी वाटली नव्हती.

शनिवारी पहाटे सगळे आलो. मामा कॅमेऱ्यामागे, आम्ही बाजूला. लांबचा समुद्र आधी उजळला, मग होड्यांची टोकं. मग खाडीकडून ऊन आलं आणि काहिलीच्या वरच्या काठाला लागलं. दादा म्हणाले, वरनं भरती व्हय काहील? त्यांना ते पसंत नव्हतं.  ऊन खाली खाली उतरत गेलं आणि पोटात जमा व्हायला लागलं. आधी पिवळं, मग केशरी, मग तो रंग, जो मी तळ्याकाठी पाहिला होता, पण इतका दाट नव्हता. तेलामुळे असेल. वाऱ्यानं नारळाच्या झावळ्यांच्या सावल्या हलत होत्या, त्यानं आतला उजेड हलत होता. उकळल्यासारखा.

दादा कधी पुढे गेले ते कुणालाच कळलं नाही. खाडीच्या आणि काहिलीच्या मध्ये जाऊन उभे राहिले, तर त्यांची सावली सरळ आत पडली. मी त्यांना बाजूला व्हा म्हणणार, तेवढ्यात मामांनी माझा दंड धरला. दादा टक लावून रंग बघत होते. लहानपणी गुऱ्हाळात आपण त्यांच्याशी बोलायचं नाही अशी जी वेळ असायची, तसे. मग एकदम हात वर केला आणि ओरडले, उतरा.

धोंडीरामकाका आणि चौघं खरंच एक पाऊल पुढे आले. सवयीनं, काहील चुलाणावरून उतरवायला. मग सगळेच थांबले आणि कुणी कुणाकडे बघेना. मामांनी त्याच शब्दाला फोटो घेतला होता.

दादा परत येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, अजून थोडं थांबलो असतो तर करपलं असतं. खरंच, पुढच्याच मिनिटाला ऊन पांढरं झालं होतं.

पुस्तकाला मी मोकळ्या काहिलीचा दुसरा फोटो पाठवणार होते. पण मामांचं म्हणणं असं की त्यात बघणाऱ्यानं कुणाकडं बघायचं? म्हणून हात वर केलेल्या सावलीचाच पाठवला. घरासाठी एक प्रत सोबत आहे. चष्म्याच्या घराजवळ ठेव.

दादांच्या गुडघ्याला जप. तुझं प्रेम डब्यातून येतं तसंच येत राहो, फक्त डबे थोडे मोठे असू देत.

तुझी,
अवनी

---

मु. पो. परिते
३ मार्च २०२५

चि. अवनीस,
दादाचा आशीर्वाद.

पत्र लिवायची सवय न्हाई. तुझी आई म्हणाली, तिकडं आमी सगळी लिवतोय, तुमी एकटंच ऱ्हायलाय. म्हणून बसलोय.

फोटो मिळाला. आईनं भिंतीवर लावलाय. धोंडीराम येऊन बघून गेला. त्याचं म्हणणं रंग जरा कमी हाय, आमच्या टायमाला जास्त यायचा. त्याला म्हणलं, गड्या, नुसत्या उन्हाचा एवढा आला ते बघ की. 

गावात लोक इचारत्यात, काहील इकली काय. मी सांगतो, इकली न्हाई, कामाला धाडलीया. समुद्रावर हाय. रोज सकाळी एक आधण निघतंय.

आता कामाचं. मे महिना सरला की परदर्शन सपलं म्हणून ती तशीच सोडू नको. खारं वारं लोखंड खातं. मृगाच्या आधी उतरवून घे, गोड्या पाण्यानं धू, खोबरेल लाव आतनं भाईरनं, आन उपडी घाल. शालूबाईच्या पडवीत जागा हाय, मी इचारून ठेवलंय. त्या व्हय म्हणल्या, पण माझ्याकडं बघून हसत हुत्या. कशापायी ते कळलं न्हाई.

दिवाळी झाली, हंगाम लागला की सुलटी करायची. कुणाकडनं बी करून घेऊ नको. मी येतो. दांडे तिकडंच ठेवून आलोय.

बाकी ठीक. पोटभर जेवत जा. पुढच्या खेपंला तुझी आई यायची म्हणती, घाट लागला तर लागू दे म्हणती.

तुझा,
दादा